डबल बेल

“काकू, आता मधेच उठायचं नाही हं. मगाशी पिशवी घ्यायला टुणकन उभ्या राहिलात, तो काउंटरवरचा माणूस बघत होता,” दर्शना माझ्या कानाशी वाकून म्हणाली.

मी पाय ठेवायच्या पट्टीवर दोन्ही पावलं जुळवून ठेवली आणि तोंड जमेल तेवढं आजारी केलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं माझं झालं होतं. बार्शीला रोज सकाळी भगवंताच्या देवळापर्यंत चालत जाऊन येणारी मी, मुंबईच्या विमानतळावर सकाळी अकरा वाजता व्हीलचेअरवर बसले होते. गुडघा दुखत नव्हता, कंबर धरली नव्हती. मला इंग्रजी येत नव्हतं, एवढाच काय तो माझा आजार.

युक्ती वैजूची, म्हणजे आमच्या लेकीची. तिनं मँचेस्टरहून फोनवर सांगितलं होतं, “आई, तिकिटाबरोबर व्हीलचेअर सांगून ठेवलीय. एक माणूस तुला दारापासून विमानातल्या सीटपर्यंत नेतो. मधे दोह्याला विमान बदलायचं, तिथंही तसंच. रांग नाही, कुणाशी बोलणं नाही. इथल्या सगळ्यांच्या आया अशाच येतात.” आणि ते खोटं नव्हतं. आम्हाला न्यायला आलेली ही दर्शना उरणची, पस्तिशीची, बोलायला मोकळी. तिनं मला बघताक्षणीच ओळखलं. “रोज वीस जणांना बसवते मी काकू. त्यातले पंधरा तरी चालते-फिरते असतात. लाजायचं नाही.”

खुर्ची एकच सांगितली होती, माझ्यासाठी. ह्यांनी स्वतःसाठी साफ नाही म्हटलं होतं. “बत्तीस वर्षं चालत्या गाडीत उभा राहिलोय मी. मला कशाला खुर्ची?”

हे म्हणजे अंबादास काशीद, बार्शी डेपोचे कंडक्टर. रिटायर होऊन सहा वर्षं झाली होती, पण अंगातला कंडक्टर काही उतरला नव्हता. उजव्या हातात चांदीची जाड अंगठी होती. कुठं निघायचं झालं, की ती दाराच्या कडीवर दोनदा वाजवायची. टण टण. डबल बेल, चला. आणि एकदाच वाजली, की थांबा. लग्नाच्या जेवणावळीत पंगतीतून उठायचं असलं तरी ताटाच्या कडेवर टण टण. मी बायको आहे, गाडी नव्हे, हे सांगून सांगून माझी जीभ झिजली होती.

खुर्ची ढकलायचं काम दर्शनाचं होतं. पण सामान देऊन झालं आणि ह्यांनी खुर्चीच्या दोन्ही मुठी धरल्या.

“ताई, तुम्ही पुढं होऊन वाट दाखवा. गाडी मी हाणतो.”

“काका, तसं चालत नाही. साहेबांनी बघितलं तर मला ओरडतील.”

“साहेब दिसला की देतो तुमच्या हातात. बाईमाणसाकडनं ढकलून घ्यायचं म्हंजे बरं दिसतं का?”

दर्शना हसली. “ढकला. बायकोची चेअर ढकलणारे काका पहिल्यांदाच बघते मी.”

खरं सांगते, मी आतून फुलले. छत्तीस वर्षांच्या संसारात हे कायम माझ्यापुढं दहा पावलं चालले. बाजारात, जत्रेत, लेकीच्या लग्नात सुद्धा. माणूस कधी मागं वळून बघायचा नाही. आणि आज माझ्या पाठीशी उभं राहून मला नेत होते. फक्त एक अडचण होती. खुर्चीत बसलं की मागच्या माणसाचं तोंड दिसत नाही.

टण टण, अंगठी खुर्चीच्या नळीवर वाजली आणि आमची गाडी निघाली.

तिकडं वैजू एकटी होती. आमचा जावई बोटीवर नोकरीला, तो महिनाभर तरी जमिनीला पाय लावणार नव्हता. वैजूची आधीची दोन बाळं पोटातच गेली होती. दुसऱ्या वेळी ती स्वतःही जाता जाता वाचली. आता तिसरी खेप, आठवा महिना आणि रक्तदाब चढलेला. परवा सकाळी ऑपरेशन करून बाळ काढायचं ठरलं होतं. फोनवर ती रडायची नाही, हेच मला जास्त भ्यायला लावायचं. एवढंच म्हणाली होती, “आई, मी शुद्धीवर येईन तेव्हा तू दिसायला पाहिजेस.”

मी काय म्हटलं असेल? मी ह्यांच्याकडं बघून म्हटलं, “तुम्ही येणार असाल तर जाते. एकटी मी पुण्याला गेले नाही कधी.” तिसऱ्या दिवशी जेवताना हे म्हणाले, “येतो की.” मग महिनाभर शेजारच्या इंजिनिअर पोराकडे बसून विमानतळाचा अभ्यास केला. कुठं काय विचारतात, कुठली पाटी कुठं असते, बूट कुठं काढायचे. मी म्हणायची, दहावीला एवढा अभ्यास केला असता तर डेपो मॅनेजर झाला असता.

इमिग्रेशनला, म्हणजे पासपोर्टावर शिक्का मारतात तिथं, आम्हाला वेगळ्या रांगेनं नेलं. दर्शनानं आमचे फॉर्म भरून दिले. काचेपलीकडच्या अधिकाऱ्यानं माझा फोटो बघितला, मला बघितलं.

“काय झालंय पायाला?” त्यानं चक्क मराठीत विचारलं.

इंग्रजीची भीती धरून बसलेल्या माझी मराठीच पळाली. वाटलं, आता हा म्हणणार, चालून दाखवा.

“गुडघे,” मी म्हटलं.

“माझ्या आईचंही तेच,” तो म्हणाला आणि ठप्पकन शिक्का मारला. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. त्याची आई बिचारी खरंच गुडघ्यानं बसली असणार.

मग ह्यांची पाळी आली. त्या अधिकाऱ्यानं मान वर केली. “काका, एवढा घाम का आलाय? एसी तर चालू आहे.”

“पहिलंच विमान, साहेब. भ्या वाटतंय,” हे म्हणाले.

अधिकारी हसला, दर्शना हसली, मी पण हसले. पण मला नवल वाटलं. खंबाटकीच्या घाटात ब्रेक निकामी झालेल्या गाडीत उभा राहून लोकांना तिकिटं देणारा हा माणूस. भीती वाटते हा शब्द ह्यांच्या तोंडून मी जन्मात ऐकला नव्हता. मान वळवून बघायला गेले, तोवर टण टण झालं आणि खुर्ची हलली.

तपासणीच्या ठिकाणी मात्र आमची ताटातूट झाली. बायकांना पडद्याआड नेतात. खाकी गणवेशातल्या बाईनं विचारलं, “माताजी, खड़ी हो सकती हो?” मी खुर्चीचा हात धरून, कण्हत, अर्धी उभी राहिले. नाटकात बक्षीस मिळालं असतं. बाहेर आले तर हे बूट घालायच्या बाकावर बसले होते. बूट पायात होते, नाड्या बांधलेल्या होत्या, तरी बसलेच होते. शेजारी प्लॅस्टिकच्या ट्रेमध्ये त्यांची पेन-डायरी, पट्टा, अंगठी आणि गोळ्यांचं एक पाकीट. मला बघून त्यांनी ते पाकीट आधी खिशात टाकलं.

“कसल्या गोळ्या?”

“पित्ताच्या. त्या ढाब्यावरची मिसळ बाधलेली दिसतीय.”

“तुम्ही मिसळ खाल्लीच कुठं? नुसता चहा घेतलात की.”

“मग चहा बाधला असेल. चल, गाडीचा टाइम होतोय.”

तिथून गेट लांब होतं. किती लांब, ते बार्शीच्या माणसाला सांगून पटणार नाही. स्टँडवरून सुटून आपण पांडे चौकात पोचू, तरी हे विमानतळाचं आवार संपत नाही. दोन्ही बाजूंना दुकानं, अत्तरांची, घड्याळांची, दारूची. खाली आरशासारखी फरशी. दर्शना चार पावलं पुढं चालली होती.

अत्तराच्या दुकानापाशी अंगठी वाजली. एकदाच.

“काय झालं?” मी विचारलं.

“बघू दे की जरा. पुन्हा कधी येणारै?”

थोडं थांबलो. टण टण, निघालो. शंभर पावलं झाली नसतील, भिंतीवर लाकडाचं मोठं कोरीवकाम लावलं होतं, तिथं पुन्हा एक. मग चॉकलेटच्या दुकानापाशी. मग काहीच नव्हतं तिथं, नुसता खांब होता, तिथंही.

“अहो, खांबात काय बघायचंय?”

“चांगला बांधलाय.”

“दर दोन मिनिटाला स्टॉप घ्यायला ही काय वैरागची लोकल गाडी आहे का? तिकडं विमान सुटेल.”

“साडेबाराला आत घ्यायला लागतात, एक वाजून वीस मिनिटांनी दार लावतात, एक चाळीसला सुटतं,” मागून आवाज आला. तिन्ही वेळा बरोबर होत्या, पण आवाज तुटक येत होता. “तुला आत बसवल्याशिवाय... गाडी सोडत नाही मी.”

दर्शना घड्याळ बघत परत आली. “काका, मी घेते आता. उशीर होतोय.”

“नको, नको. तुम्ही पुढं जाऊन सांगा त्यांना, दोन पॅसेंजर येतायत म्हणून. गाडी थांबवून ठेवा.” हे असं म्हणाले, की तिनं माझ्याकडं बघून डोळे मिचकावले आणि झपाझप पुढं गेली. तिला वाटलं असणार, म्हाताऱ्याला म्हातारीबरोबर जरा एकटं राहायचंय.

आम्ही निघालो. आता खुर्ची सरळ जात नव्हती, एका बाजूला ओढत होती. आणि मधेच पुढची चाकं किंचित उचलल्यासारखी व्हायची. मी हातांनी घट्ट धरून बसले.

“अहो, रेटताय का लोंबकळताय?”

हे हसले. नुसता नाकातून श्वास सोडल्यासारखं. त्या वाक्याची मला अजून शरम वाटते.

आणि मग पुन्हा एकदा, टण.

आता माझं डोकं तडकलं. वैजूचं तोंड डोळ्यांपुढं आलं. मी पुढं बघतच म्हटलं, “पुरे झालं. डबल द्या.”

काही नाही.

“अहो, डबल द्या म्हणते ना.”

खुर्ची हळूहळू मागं कलायला लागली. समोर काळ्या चष्म्यांचं दुकान होतं आणि दुकानाच्या खांबाला माणसाएवढा आरसा लावला होता. त्यात मला एक म्हातारी दिसली, हिरव्या साडीतली, खुर्चीत रेलून बसलेली. आणि तिच्या मागं एक माणूस. दोन्ही मुठींवर कपाळ टेकलेला, सगळं अंग खुर्चीवर टाकलेला. पांढरा सदरा पाठीला चिकटला होता. त्यानं मान जराशी उचलली. ओठ निळे पडले होते.

दोन तासांत मी माझ्या नवऱ्याचं तोंड पहिल्यांदा नीट बघितलं ते असं.

मी उठले. कशी उठले ते माहीत नाही, पण पिशवी एकीकडं उडाली आणि मी मागं होते. त्यांना काखेत धरलं. छत्तीस वर्षांत त्या माणसाचं वजन मी कधी पेललं नव्हतं, ते पेललं. त्यांना फिरवून खुर्चीत बसवलं. बाजूनं जाणारा एक माणूस बायकोला हसून म्हणाला, “देखो, आंटी तो ठीक हो गई!” त्याला काय बोलायचं ते मनातल्या मनात बोलून घेतलं आणि अख्ख्या विमानतळाला ऐकू जाईल असं ओरडले, “दर्शना!”

ह्यांनी खिशातलं पाकीट काढलं. मी एक गोळी फोडून दिली, ती त्यांनी जिभेखाली धरली. पाकिटातल्या सात गोळ्या संपलेल्या होत्या. आमच्या आळीतल्या देशमुखांना झटका आला होता तेव्हा त्यांच्या उशाशी मी हेच पाकीट बघितलं होतं.

“कधीपासनं?” मी विचारलं.

“तीन आठवडे.”

“डॉक्टरला दाखवलं?”

“सोलापूरला जाऊन आलो. लग्नाला जातो म्हणून सांगितलं होतं बघ तुला, तेव्हा. विमान नको म्हणाला तो. ऑपरेशन करा म्हणाला.” आणि डोळे मिटून म्हणाले, “बस गप. होतंय बरं.”

पुढची दहा मिनिटं मला तुकड्या-तुकड्यानंच आठवतात. दर्शना धावत आली, तिनं खुर्ची उलटी फिरवली. विमानतळावरच दवाखान्याची एक खोली असते, तिथं नेलं. एक तरुण डॉक्टरीण होती. तिनं छातीला चकत्या चिकटवल्या, कागदाची पट्टी काढली, नाकाला नळी लावली, इंजेक्शन दिलं. ओठांचा निळेपणा हळूहळू ओसरला. मी भिंतीला पाठ लावून उभी होते. दारात विमान कंपनीचा एक माणूस वायरलेसवर बोलत होता.

डॉक्टरीण माझ्याकडं आली. “काकू, आत्ता धोका टळलाय. पण ह्यांना विमानात नाही जाता येणार. लगेच हॉस्पिटलला हलवायला हवं, अँब्युलन्स येतेय. बाहेर कुणी आहे तुमचं?”

बाहेर हणमंत होता, ह्यांचा पुतण्या. त्याच्याच जीपनं आम्ही आलो होतो. विमान उडाल्याशिवाय मी हलणार नाही म्हणून तो पार्किंगमध्ये बसून राहिला होता. दर्शनानं त्याला फोन लावला.

वायरलेसवाला माणूस घड्याळ बघून म्हणाला, “मॅडम, बॅगा उतरवाव्या लागतील. एक की दोन्ही? बारा मिनिटं आहेत.”

“दोन्ही,” मी म्हटलं. त्यात विचारायचं काय होतं?

“एक,” पलंगावरून आवाज आला.

मी जवळ गेले. इतका वेळ दाबून ठेवलेलं सगळं उसळून वर आलं. “तुम्ही बोलू नका. अकरा तास आकाशात लटकत जायचं होतं तुम्हाला हे असलं काळीज घेऊन? माझ्या शेजारच्या खुर्चीत मरायचं ठरवलं होतं? मी काय केलं असतं तिथं? कुणाला हाक मारली असती?”

“तुला तिथवर पोचवलं असतं की. पुढं मग काय व्हायचं ते होऊ दे.”

“आधी सांगितलं असतं तर?”

“तर तू घरी बसली असतीस. माझ्या उशाशी.” त्यांनी माझा हात धरला. चारचौघांत पहिल्यांदा. “तूच म्हणलीस, तुम्ही आलात तर जाते. मग मी काय करायला पाहिजे होतं, सांग.”

माझं इंग्रजीचं भ्या, एकटीचं भ्या, खुर्चीचं सोंग, सगळं ह्या माणसानं आपल्या छातीवर घेतलं होतं आणि मी त्याला लोंबकळताय का म्हणून विचारलं होतं.

“मी जाणार नाही,” मी म्हटलं. “लोक काय म्हणतील? नवरा मरणाच्या दारात आणि ही विमानात.”

“लोकांस्नी मी सांगतो. मला बघायला हिथं हणमंता आहे, ह्या डॉक्टरीणबाई आहेत, अख्खा डेपो गोळा होईल उद्यापर्यंत. तिला तिथं कोण आहे?” श्वास घ्यायला थांबले. “शालन, ती डोळे उघडेल तेव्हा तू दिसायला पाहिजेस. मी नाही.”

मी डॉक्टरणीकडं बघितलं. मला वाटलं, ती तरी म्हणेल की बाई, थांबा. ती लेकीच्या वयाची होती. खाली बघत म्हणाली, “तुम्ही थांबलात तरी उपचार तेच होतील, गेलात तरी तेच होतील. खोटं नाही सांगणार, शंभर टक्के कुणीच सांगू शकत नाही.”

“दहा मिनिटं,” दारातला माणूस म्हणाला.

ह्यांनी सदऱ्याच्या खिशातून डायरी काढली. त्यात चार घड्या घातलेला कागद होता, तो माझ्या हातात दिला. उघडून बघितलं. कंडक्टरचं टपोरं अक्षर, तिकिटांचा हिशोब लिहायचे तसं, ओळीनं आकडे टाकून.

टप्पा एक. विमान थांबल्यावर उठायची घाई नाही. सगळे उतरू दे. टप्पा दोन. दोह्याला बाहेर जायचं नाही. पाटीवर विमानाचं चित्र आणि बाण असेल तिकडं जायचं. टप्पा तीन. पुन्हा बूट, पिशवी, ट्रे. बांगड्या वाजल्या तर घाबरायचं नाही. टप्पा चार. गेटचा नंबर पडद्यावर येतो, मँचेस्टर असं लिहिलेलं, आणि शेजारी ते इंग्रजी अक्षर कसं दिसतं ते काढून दाखवलं होतं. टप्पा सात. साहेब विचारेल का आलात, तर म्हणायचं, डॉटर, बेबी, हॉस्पिटल. एवढं पुरतं. शेवटच्या ओळीत, टप्पा नऊ. दारात वैजूची मैत्रीण उभी असेल. पोचलीस.

कागद घड्यांवर मऊ झाला होता. आजचा नव्हता तो. तीन आठवड्यांपूर्वीचा होता.

ज्याला शेजारी बसून यायचंय, तो बायकोला एवढं लिहून देत नाही. डॉक्टरनं सांगितल्या दिवसापासून त्यांना माहीत होतं की कुठंतरी मधेच आपल्याला उतरावं लागेल. फक्त कुठल्या स्टॉपवर, ते माहीत नव्हतं.

मी कागदाच्या घड्या पुन्हा घातल्या.

“काकू, तुमच्यासाठी दुसरी चेअर मागवते,” दर्शना वायरलेसकडं हात नेत म्हणाली.

“नको.”

“गेट लांब आहे. दोह्याला पण कुणीतरी लागेल ना.”

“नको म्हटलं ना. चालता येतं मला. तू ह्यांच्याबरोबर राहा. अँब्युलन्समध्ये चढवेपर्यंत हात सोडू नको.” तिला मी पहिल्यांदाच अगंतुगं करत होते आणि तिच्या लक्षातही आलं नाही. ती नुसती मान हलवत होती, डोळे पुसत.

ह्यांना पलंगावरून पुन्हा माझ्याच त्या खुर्चीत बसवलं, खाली न्यायला. मी त्यांच्या सदऱ्याची वरची गुंडी लावली, मग डॉक्टरणीनं ती छातीच्या तारांसाठीच सोडलीय हे लक्षात येऊन पुन्हा काढली. काय करावं ते हातांना कळत नव्हतं. वाकून पाया पडायला गेले तर त्यांनी खांदा धरून थांबवलं.

“जा आता. मागं बघू नको. मागं बघितलं की माणूस धडपडतो.”

मी पिशवी खांद्याला लावली, कागद मुठीत धरला आणि दाराबाहेर पडले. त्या गुळगुळीत फरशीवर मी अडलेल्या जनावरासारखी उभी राहिले. डाव्या हाताला गेट होतं, उजव्या हाताला घर. आणि मागून, खोलीतून, लोखंडावर चांदी आपटल्याचा आवाज आला.

टण टण.

मी चालायला लागले. चष्म्यांच्या दुकानावरून, चॉकलेटच्या दुकानावरून, तो हसणारा माणूस बाकावर बसला होता त्याच्यावरून, धावत म्हणा की. गेटवरच्या मुलीनं माझ्याकडं आणि यादीतल्या व्हीलचेअरच्या खुणेकडं आळीपाळीनं बघितलं. मी तिच्या हातात बोर्डिंग पास दिला. “डॉटर, बेबी, हॉस्पिटल,” मी म्हटलं. तिनं काही विचारलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी वैजूनं डोळे उघडले तेव्हा मी दिसले. मुलगी झाली होती, सव्वादोन किलोची, काचेच्या पेटीत ठेवलेली. त्याच दिवशी मुंबईत ह्यांच्या छातीचं ऑपरेशन झालं. चार दिवसांनी फोनवर बोलायला लागले तेव्हा पहिलं वाक्य हे, की टप्पा चारला अडचण आली का? डिंकाच्या लाडवांची बॅग त्यांच्या नावावर होती, ती विमानातून उतरवली गेली. लाडू हॉस्पिटलातल्या नर्सांनी संपवले.

लोक बोलायचे ते बोललेच. माझ्या सख्ख्या जावेनं वर्षभर अबोला धरला. हे तिला म्हणायचे, “वहिनी, गाडी मी सोडली. कंडक्टरनं बेल दिल्यावर कुणी थांबतं का?” त्यानंतर मी तीन वेळा मँचेस्टरला गेले. एकटी गेले, दोन्ही पायांनी.

गेल्या वर्षी, त्या गोष्टीला बारा वर्षं झाल्यावर, सोलापूरच्या हॉस्पिटलात हे पलंगावर होते. वैजू आली होती, नात आली होती. डॉक्टर म्हणाले, आता आमच्या हातात काही नाही, पण जीव अडकून राहिलाय. खरंच तसं होतं. श्वास थांबायचा, आम्ही सगळे वाकून बघायचो, की पुन्हा सुरू व्हायचा. दुपारभर असं चाललं. वैजू म्हणाली, “आई, बाबा कशाची वाट बघतायत गं?”

मला कळलं. मी त्यांचा उजवा हात उचलला. बोटं वाळली होती, अंगठी सैल पडू नये म्हणून मीच तिला दोरा गुंडाळला होता. तो हात पलंगाच्या लोखंडी कठड्यापाशी नेला. कानाशी वाकून म्हटलं, “जा आता. मागं बघू नका.”

आणि ती अंगठी कठड्यावर दोनदा वाजवली.